रबरी छताचा दुसरा हात

व्हर्ना हाउगेनने आपल्या घरगाडीच्या छतावर कधी पाय ठेवला नव्हता. फार तर मागच्या शिडीच्या वरच्या पायरीपर्यंत जाऊन ती नवऱ्याला कॉफी पोचवायची, तीही रेलिंग घट्ट धरून. छत मर्लचं आणि खालचं सगळं तिचं, अशी वाटणी दोघांनी मिनेसोटातलं घर विकून या गाडीत बिऱ्हाड केलं तेव्हाच झाली होती. थंडी पडली की अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात येऊन टेकायचं आणि ऊन तापलं की उत्तरेला, लेकीच्या अंगणात. मधला सगळा रस्ता मर्ल चालवायचा. जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला माणूस तो. एवढं धूड असं वळवायचा की बघणाऱ्याला सायकल वाटावी. व्हर्नाने एकदाच स्टिअरिंग हातात घेतलं होतं. त्या पेट्रोल पंपाचा फलक पुन्हा सरळ झाला की नाही, कोण जाणे.

छताच्या रबराला मर्ल जेवढा जपायचा तेवढं त्याने स्वतःच्या दातांनाही जपलं नाही. काही वर्षांनी हे रबर उन्हाने पिठासारखं झडायला लागतं आणि गाडीच्या अंगावर पांढरे ओघळ उतरतात. ते दिसले की समजायचं, छत लेप मागतंय. मग मर्ल छत साबणाने घासून काढायचा, झरोक्यांभोवतीचे सांधे खरवडून नवं लुकण भरायचा आणि रोलरने लेपाचे दोन हात द्यायचा. सुरुवात नेहमी पुढच्या काचेच्या बाजूने. तिथून गुडघ्यांवर मागे मागे सरकत शेवट शिडीपाशी, कारण उतरायची वाट तेवढी एकच. ओला लेप साबणाच्या फेसापेक्षा निसरडा असतो. त्यावर पाय देणारा सरळ जमिनीवर येतो.

या वर्षी खरं तर एकही ओघळ उतरला नव्हता. तरी जानेवारी लागताच मर्लने लेपाचे डबे आणले. त्याआधी पायरीचं बिजागर बदललं, खिडक्यांची रबरं बदलली, गाडीच्या अंगाला मेण लावून ती चकचकीत केली. व्हर्नाने एका शब्दाने अडवलं नाही. उलट तिला बरंच वाटत होतं. ज्याचे हात एवढे चालतात त्याच्या डोक्याला काय धाड भरली आहे, असं ती स्वतःला बजावायची. बजावावं लागत होतं, हीच तर रड होती.

कारण येताना, डोंगर उतरून खाली आल्यावर, मर्लने गाडी रस्त्याकडेला घेतली होती आणि किल्ली हातात धरून विचारलं होतं, "आपण कुठं निघालोय गं?" व्हर्ना हसली होती. तो हसला नव्हता. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. लेक, मार्नी, दुरूनही ओळखायची. "आई, मला खरं सांगायचं हं. ते धूड घेऊन बाबा घाटात चुकले तर तुम्ही दोघं जाल, आणि समोरून येणारेही जातील." व्हर्नाने शब्द दिला होता. दर रविवारी मार्नीचा फोन यायचा, बाबा कसे आहेत म्हणून विचारायची, आणि व्हर्ना दर रविवारी सांगायची, "ठणठणीत!" खरं बोललं तर गाडी जाणार, रस्ता जाणार, आणि लेकीच्या घराची मागची खोली वाट्याला येणार. व्हर्नाला ती खोली नको होती. मर्लला तर ती तुरुंगच वाटली असती.

तोही रविवारच होता. आदल्या दिवशी पहिला हात अगदी रीतीने झाला होता. दुसऱ्या हाताला मर्ल दव उडाल्याबरोबर वर चढला, वारा सुटून धूळ उडायच्या आत संपवायला. व्हर्ना कपडे धुवायला घरगाड्यांच्या तळावरच्या धुलाईघरात गेली. तिथल्या बायकांत बोलत बसली, नको तेवढं बसली, आणि परत येऊन कॉफीचा मग घेऊन शिडी चढली.

डोकं छताच्या वर आलं आणि ती शिडीवरच थांबली.

शिडीपासूनच लेप सुरू झाला होता. तिच्या नाकासमोर ओलं, पांढरं, डोळे दिपवणारं छत पसरलं होतं आणि त्याच्या पार पलीकडच्या टोकाला मर्ल गुडघ्यांवर बसला होता, तोंड तिच्याकडे, नजर रोलरकडे. त्याने उलट्या टोकाने सुरुवात केली होती. त्याच्या मागे हातभर कोरडी पट्टी, पट्टीपुढे गाडीची कड, आणि कडेच्या खाली शेकोटीभोवती रचलेले दगड.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण मर्लने रोलर शांतपणे बादलीत ठेवला, दोन्ही हात टेकले आणि एक पाय मागे सोडला. पाय कडेबाहेर गेला आणि हवेत चाचपडू लागला. उतरताना तो रोज चाचपडायचा तसाच, सवयीने. तो शिडीची पायरी शोधत होता.

ओरडलं तर तो दचकणार. धावायला जागा नाही. आणि गप्प राहिलं तर पुढच्या क्षणी दुसरा पाय जाणार. तिने कॉफीचा मग शिडीशी घट्ट आवळून धरला आणि कसा कोण जाणे, तिच्या तोंडून रोजचा कुरकुरा आवाज निघाला.

"मर्ल! कुठं निघालास? जागा सोडलीयस बघ."

पाय हवेत थांबला. "काय?"

"त्या मधल्या झरोक्यापाशी. एवढी मोठी. मला खालून दिसते आणि तुला वरून दिसत नाही?"

"मी कधी जागा सोडत नाही."

"नाही कसा? ये पुढं, बघ की. का रॉस्कोला बोलावू दाखवायला?"

रॉस्को म्हणजे शेजारच्या गाडीतला म्हातारा, आयडाहोतला जुना प्लंबर आणि सगळ्या तळाचा बिनपगारी सल्लागार. त्याचं नाव काढलं की मर्लच्या मस्तकात तिडीक जायची. पाय सावकाश आत आला. मर्ल ओल्या लेपाच्या काठापर्यंत पुढे सरकला, मान लांब करून झरोक्याकडे बघू लागला. मग त्याने मान वर केली आणि हातातल्या मगासकट तिला पाहिलं.

मग त्याने हळूच वळून मागची कड पाहिली, खालचे दगड पाहिले. त्याचा चेहरा असा उतरला की व्हर्नाला वाटलं, यापेक्षा ओरडले असते तर बरं.

"हलू नकोस," ती म्हणाली. "बसून राहा. पाय पोटाशी घे."

"शिडी..." तो म्हणाला.

"माहितीये. बस तू."

ती खाली कशी उतरली ते तिला नंतरही सांगता आलं नाही. कॉफी अर्धी तिच्या बाहीवर होती. रॉस्को आपल्या गाडीबाहेर खुर्ची टाकून शेंगा खात बसला होता. त्याने वर पाहिलं आणि मांडीवर थाप मारली.

"अरे मर्ल! बसलास का अडकून? टाळ्या वाजवा रे सगळ्यांनी! मी पण एकदा असाच बसलो होतो, जेवायच्या वेळेपर्यंत. बायकोने सँडविच फेकून मारलं होतं मला!"

"शिडी आण रे बाबा, लांबवाली," व्हर्ना म्हणाली. "बडबड नंतर कर."

"आणतो, आणतो. आधी फोटो तरी काढू दे!"

पण तिचं तोंड बघून त्याने फोटो काढला नाही. शिडी पुढच्या काचेशी लावली, स्वतः खाली दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. मर्लचा पाय खाली येताना प्रत्येक पायरीवर थांबत होता, ती खरंच आहे ना हे बघत होता. व्हर्नाने त्याची विजार मुठीत धरली होती आणि तो जमिनीवर आल्यावरही सोडली नाही. रॉस्कोच्या विनोदांना मर्ल हसला, त्याच्या पाठीवर थाप मारली, उद्या बिअर पाजतो म्हणाला. रॉस्को खूश होऊन शिडी घेऊन गेला.

आत आल्यावर मर्ल मोरीपाशी हात घासत उभा राहिला. लेप कातडीवरून असा सुटत नाही, हे त्याला माहीत होतं. तरी घासत होता.

"या वर्षी गाडी उलटी लावलीय ना आपण," व्हर्ना म्हणाली. "डोंगर नेहमी शिडीकडे असतो, आता पुढं आलाय. कुणाचाही घोटाळा होईल. रॉस्कोचा नाही का झाला?"

"रॉस्को अडकला होता. त्याने पाय खाली नव्हता सोडला."

व्हर्नाने कॉफीने भिजलेली बाही वर दुमडली.

"झरोक्यापाशी जागा सुटली नव्हती," मर्ल म्हणाला.

"नव्हती."

"मला वाटलंच. काम मी अजून चोख करतो." त्याने नळ बंद केला. "म्हणून तर घाई केली. बिजागर, खिडक्या, मेण, सगळं झालं. छत तेवढं राहिलं होतं."

"पण छताला झालं काय होतं? चांगलं तर होतं!"

"चांगलंच होतं. पण विकत घेणारा आधी छत बघतो." तो तिच्याकडे न बघता टॉवेलने हात पुसत होता. "रस्त्यात मी तुला विचारलं ना, कुठं निघालोय म्हणून. तेव्हापासून ठरवलं होतं. घेईल त्याच्या डोक्यावर गळकं छत देऊ नये. तुला सांगायचं धाडस होत नव्हतं एवढंच. तू दर रविवारी फोनवर ठणठणीत म्हणायचीस."

इतके महिने ज्या कामाकडे बघून व्हर्ना आशा धरून बसली होती, ते तो निरोपासाठी करत होता. तिला रडू आलं आणि त्याचा रागही आला. हा एकटा हे ओझं घेऊन शिडी चढत-उतरत राहिला, आणि ती खाली खोटं बोलत राहिली! ती पुढे झाली आणि त्याचे ते ओले, पांढरे हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवले.

फोन वाजला. मार्नीच होती.

"आई, बाबा कसे आहेत?"

व्हर्नाने मर्लकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

"बरे नाहीत गं," व्हर्ना म्हणाली. "आम्हाला न्यायला ये. गाडी तूच चालव."

मर्लने वाकून फोनजवळ तोंड नेलं.

"आणि छतावर नजर टाकायची असेल तर शिडी मागच्या बाजूला आहे," तो म्हणाला. "नीट लक्षात ठेव."