फुंकणीची शीळ

इतकी वेगवान मोटार इतक्या सावकाश चालवणारा माणूस ब्रह्मदेवाने आमच्या दारव्ह्याच्या मावसाजींखेरीज दुसरा घडवला नसेल. ही मोटार ताशी ऐंशी मैल जाऊ शकते, असं ते शपथेवर सांगत. ती विसाच्या वर गेलेली मात्र आमच्यापैकी कोणी पाहिली नव्हती. बैलबंडीवाले तिला मागे टाकत, आणि टाकता टाकता मावसाजींना रामराम घालून, घरची खुशाली विचारून मग पुढे जात. हॉर्न वाजवायचा नाही, कारण त्याने इंजिन दचकतं. रस्त्यात म्हशी आल्या की मावसाजी खाली उतरून त्यांना हाताने बाजूला करत. एकदा मावशीच्या माहेराहून, फुलसावंगीहून, आम्ही परत येत होतो. मागे अंबाडीच्या भाजीची जुडी बांधलेली होती. पाठीमागून येणाऱ्या एका बैलाने चालता चालता ती निम्मी खाल्ली, आणि मग आम्हाला वळसा घालून तो पुढे निघून गेला. बंडीवाला ओशाळला, तर मावसाजी म्हणाले, "खाऊ दे गा, जनावर हाय." पुढे पुसद येईपर्यंत ते त्या बैलाच्या चालीचंच कौतुक करत होते.

मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. छप्पन साली मला दारव्ह्याला शाळेत नोकरी लागली आणि मी त्यांच्याकडे राहायला गेलो. तेव्हापासून ते मला नावाने हाक मारायचे थांबले आणि 'मास्तर' म्हणू लागले, तेही अशा सुरात की आपण काही शिकलो आहोत याचीच शंका यावी. ते जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मिस्त्री होते. त्याआधी त्याच जिनाच्या गोऱ्या साहेबाचे ड्रायव्हर होते, आणि विलायतेला जाताना साहेब आपली मोटार त्यांच्या हवाली करून गेला होता. लांब नाकाची, उघड्या टपाची मोटार. तिच्या इंजिनाला हवा फुंकणारं एक यंत्र जोडलेलं होतं. साहेब त्याला काय म्हणे ते मावसाजींना बरोबर उच्चारता येई, पण ते नाव त्यांना पसंत नव्हतं. ते 'फुंकणी' म्हणत. "तुयी मावशी चुलीत फुंकते, त जाळ होते का नाई? तसंच हे इंजिनात फुंकते," एवढ्यात त्यांनी मला सगळं शास्त्र शिकवलं. इंजिन पुऱ्या जोरात आलं की ही फुंकणी शीळ घालत असे, आणि त्या शिळेपायी मावसाजींचा सगळा जन्म गेला असं म्हटलं तरी चालेल.

त्याचं असं झालं की त्यांच्या लग्नात साहेबाने नवरीला आणायला हीच मोटार दिली. मावशी फुलसावंगीपासून मुसमुसत होती. पुसद गेलं, दिग्रस गेलं, तरी तिचा पदर डोळ्यांवरून हलेना. दिग्रसच्या पुढे दोन मैल रस्ता सुतासारखा सरळ आहे. तिथे नवरदेवाला काय वाटलं कोण जाणे, त्याने पेडल दाबलं. फुंकणीने शीळ घातली आणि नवरी खदखदून हसली. "तशी हासलेली मंग कवाच पाह्यली नाई, मास्तर," मावसाजी सांगत. पुढे इंजिन झिजलं, पेट्रोल मिळेनासं झालं, आणि वीस वर्षं ती शीळ कोणी ऐकली नाही. मावसाजी ती तोंडाने करून दाखवायचे. त्यांचे पुढचे दोन दात पडलेले होते, त्यामुळे नुसता वारा येई. आम्ही "वा!" म्हणत असू.

मी आलो तेव्हा इंजिन उघडून ओसरीवर मांडलेलं होतं आणि मावशी त्याच्यातून वाट काढत पापड वाळत घालत होती. इंजिन उघडलं तेव्हा दारव्हा मध्य प्रदेशात होतं, जोडलं तेव्हा मुंबई राज्यात होतं, आणि महाराष्ट्र झाला तरी त्याचं ट्यूनिंग करावं की नाही हे ठरलं नव्हतं. नवं बांधलेलं इंजिन काही दिवस हळू चालवावं लागतं, हे मलाही समजलं होतं. पण मावसाजींनी पेडलखाली बाभळीचा चार बोटं जाड ठोकळा ठोकला होता, म्हणजे रागाच्या भरातसुद्धा पाय विसाच्या पुढे दाबला जाऊ नये. विचारलं तर उत्तर तयार असे. "नव्या गोऱ्ह्याले पयल्याच साली भरली बंडी ओढाले लावली, त खांदा सुजून येते त्याले. इंजिनाचं बी तसंच हाय." बैलांचा हा नियम ते शेवटपर्यंत पाळत. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते मोटारीच्या नाकाला लोणी-हळद चोळून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणत. दुसऱ्या दिवशी बैलांबरोबर तिलाही तोरणाखाली उभी करायची; आणि पोळ्याला जनावराकडून काम करून घ्यायचं नाही म्हणून इंजिन सुरू करायचं नाही. मग आम्ही सहा जण ती ढकलत नेत असू. माझे विद्यार्थी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून बघत. त्या आठवड्यात वर्गात माझा वचक राहत नसे.

पण हा सगळा विनोद वरचा होता. खरी अडचण अशी की साहेबाने जाताना पिस्टनचा एकच जादा संच दिला होता, आणि तो आता इंजिनात होता. ट्यूनिंग केलं, फुंकणी पुऱ्या जोरात सोडली, तर शीळ येणार. पण पेट्रोल-हवेचं माप जरासं चुकलं तर पिस्टन फुटणार, आणि तसले पिस्टन पुन्हा मिळणार नव्हते. नाही केलं तर मोटार विसाच्या चालीने जन्मभर मावशीला माहेरी नेणार. मावसाजींना शीळ हवी होती ती मावशीला ऐकवायला, आणि इकडे मावशीचे कान चालले होते. डावा गेलाच होता. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं की उजवाही दोन-एक वर्षांत जाईल. कोणत्याही शहाण्या माणसाने त्या दिवशी घरी येऊन पाना हातात घेतला असता. मावसाजी आणखी सावकाश झाले. कापूस निघाला की करू, म्हणाले. कापूस निघाला, तर म्हणाले थंडी पडू दे, थंड हवेत फुंकणी झकास फुंकते. थंडी पडली, तर तेल घट्ट झालं. मला त्यांचा राग येई. आता कळतं की जी गोष्ट एकदाच होणार, ती होऊन गेल्यावर आपण काय करायचं, याची त्यांना धास्ती होती.

त्याऐवजी ते मावशीच्या कानाची परीक्षा घेत. सकाळी ती चुलीशी बसून चहा गाळू लागली की मावसाजी पाय न वाजवता मागे येत आणि आपला सर्वांत मोठा पाना फरशीवर टाकत.

"काय पडलं वो?" मावशी मान न वळवता विचारी.

"पाना पडला," मावसाजी म्हणत, आणि माझ्याकडे बघून उजव्या कानाला बोट लावत. शाबूत आहे! मग तो दिवस त्यांचा आनंदात जाई.

एका सकाळी ते असेच पाना घेऊन आले, पण टाकणार तेवढ्यात जिनातला माणूस बोलवायला आला आणि ते पाना हातात तसाच घेऊन बाहेर गेले. मावशीने गाळणं खाली ठेवलं आणि चुलीकडे बघतच विचारलं, "काय पडलं वो?"

काहीच पडलं नव्हतं. उत्तरासाठी तिने मागे वळून पाहिलं, तर मी एकटाच होतो. माझं तोंड बघून ती समजली.

"मावशी, उजवाही गेला?" मी सावकाश, ओठ दिसतील असं विचारलं.

"दिवाळीलेच गेला. त्यायले सांगू नको बाबू."

"अगं, पण ते तुला शीळ ऐकवायची म्हणून..."

"मालूम हाय मले," ती म्हणाली. "मी शिट्टीले कुठी हासली होती रे? शिट्टी वाजली तवा त्यायचं तोंड असं झालं होतं का, ते पाहून मी हासली. हे त्यायले वीस वर्सांत समजलं नाई. कान गेले म्हनून सांगतलं, त ते टूनिंग करतच नाईत. मंग त्यायनं सोता कवा ऐकावं?"

मी शाळेत गेलो आणि त्या दिवशी मुलांना काय शिकवलं ते मला आठवत नाही. दोघं एकमेकांसाठी थांबून बसले होते, आणि मध्ये बाभळीचा एक ठोकळा होता.

चार दिवसांनी मावसाजी चहाचे दोन घोट घेऊन मोटारीकडे गेले आणि घाईघाईने परत आले. मी त्यांना घाईत पाहिलं ते त्याच दिवशी.

"अवं, पेडलखालचा ठोकळा कोठी गेला?"

मावशीने हातातल्या फुंकणीने चुलीकडे बोट दाखवल्यासारखं केलं. बाभूळ मस्त पेटली होती. "त्याचाच चहा पेले तुमी," ती म्हणाली.

"आता दुसरा करा लागते मले."

"करा ना. उद्याचाबी चहा होईन."

मावसाजींनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग यायला निघाला होता, पण तोही त्यांचाच असल्यामुळे वेळेवर पोचला नाही. त्यांनी पाना घेतला आणि मोटारीचं नाक उघडलं. पुढचे चार दिवस ते पेचकसाचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून त्याचे ठोके ऐकत उभे होते. पाचव्या दिवशी आम्ही तिघे निघालो.

दिग्रसला पोचून त्यांनी मोटार दारव्ह्याकडे वळवली, कारण लग्नात शीळ त्याच दिशेने वाजली होती. सरळ रस्ता लागला तेव्हा थांबून डोक्याला रुमाल बांधला आणि मावशीकडे वळून म्हणाले, "ऐकजो." मग पेडल दाबलं. तीस, चाळीस, पन्नास. कडुनिंबाची झाडं अंगावर यायला लागली, मी मागे बसून देवाचं नाव घ्यायला लागलो. आधी वाटलं, कुठे तरी किटली उकळते आहे. मग ती शीळ वर चढत गेली, बारीक, लांब, स्वच्छ, आणि त्या सगळ्या माळावर दुसरं काही राहिलंच नाही. मावसाजींचं तोंड उघडं होतं, पडलेल्या दातांसकट, आणि पन्नाशीच्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर शेंबड्या पोराला पहिल्यांदा जत्रा दिसावी तसला आनंद होता. मावशी रस्त्याकडे बघतच नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि पदर खांद्यावरून उडाला तरी न सावरता खदखदून हसत होती. मला रडू आलं. धूळ गेली म्हणायची सोय होती, पण कोणी विचारलं नाही.

"ऐकली?" मावसाजी ओरडले.

"ऐकली! तशीच हाय!" मावशी म्हणाली.

दोन मैल म्हणजे दोन मिनिटं. रस्ता वळला तिथेच इंजिनात ठक्कन आवाज झाला आणि शीळ तुटली. मावसाजींनी मोटार कडेला घेतली, उतरून तिच्या नाकावर हात ठेवला आणि म्हणाले, "पिस्टन गेला." बस्स, एवढंच. आम्ही एक बैलजोडी मिळवली आणि मोटार तिला बांधून दारव्ह्याला आणली. गावात नेहमीच्याच वेगाने शिरलो, त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावसाजी चहाला आले ते रिकाम्या हाताने. पाना त्यांनी खुंटीला अडकवून ठेवला होता. ते माझ्याशेजारी बसले. चुलीशी मावशी चहा गाळत होती.

"काय पडलं वो?" तिने विचारलं.

मावसाजींनी खुंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग ते उठले, चुलीला वळसा घालून मावशीच्या समोर, तिला ओठ नीट दिसतील असे बसले आणि म्हणाले, "पाना पडला."

त्यांना कधीपासून माहीत होतं, हे मी कधी विचारलं नाही. मावशीने मान हलवली आणि त्यांच्या हातात कप दिला. त्यानंतर मी आणखी सहा वर्षं त्या घरात होतो. मोटार छपरात उभी राहिली, पोळ्याला तिला लोणी-हळद लागत राहिली, आणि खुंटीवरचा पाना पुन्हा कधी खाली आला नाही. पण मावशी रोज सकाळी विचारायची, आणि मावसाजी रोज उठून समोर जाऊन सांगायचे.

दोघंही आता नाहीत. पाना माझ्याकडे आहे. घरातल्या कुठल्याच नटाला तो बसत नाही, तरी स्वयंपाकघरात खुंटीला लावून ठेवला आहे. कधी झाडताना धक्का लागून तो खाली पडतो आणि मोठा आवाज होतो. मी जरा वेळ थांबतो. मग उचलून परत लावतो.