भट्टीतलं पाणी थांबलं तेव्हा

त्या भट्टीवर मी आठ महिने काम करत होते, पण तिची खरी भीती वाटली ती एका दुपारी, वीज गेली तेव्हा.

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात निकेलच्या मिश्रधातूच्या नळ्या जोडायचं काम चालायचं. असल्या नळ्या वेल्डिंगनं जोडल्या की तडकायच्या. म्हणून सांध्यावर पेस्ट लावून त्या भट्टीत ठेवायच्या, आतली हवा काढून घ्यायची आणि हजार अंशांच्या वर तापवायच्या. नळ्या वितळत नाहीत. पेस्टमधला धातू तेवढा वितळतो आणि फटीत शिरतो. हेच ब्रेझिंग. भट्टीच्या दुहेरी भिंतीतून सतत गार पाणी फिरत असतं, त्यामुळे बाहेरून ती कोमटच लागते.

मी शिरोळची, आयटीआय करून आलेली. भट्टी शिकवली ती आमच्या जुन्या ऑपरेटरनं. त्यांना सगळे मामा म्हणायचे.

त्या दुपारी पेस्ट नुकती वितळू लागली असेल, आणि पंप, पंखे, सगळे आवाज एकदम बंद झाले. जनरेटर दोनदा घरघरला आणि गप्प बसला. दोन-तीन मिनिटांनी मी भट्टीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. भिंतीतलं पाणी जागच्या जागी तापत होतं. ते उकळलं तर भिंत फाटेल, हे मामांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

अशा वेळेसाठी छतावर पाण्याची टाकी होती. तिच्या व्हॉल्व्हचं चाक फिरवलं की पाणी आपसूक खाली यायचं. मामा चाकाला झोंबले. चाक हलेना.

"गंजलंय की गं हे!" त्यांचा आवाज चिरकला.

भिंतीच्या आतून ठक्-ठक् असा आवाज येऊ लागला.

"मामा, बाहेर चला!"

"तू जा पोरी. मी बघतो."

मी गेले. खरं सांगते, दाराबाहेर उन्हात जाऊन उभी राहिले. आतून चाकाला जोर लावताना मामांच्या कुंथण्याचा आवाज येत होता. दाराशी पाइपचा एक लांब तुकडा पडला होता. तो उचलून मी परत आत पळाले. चाकात पाइप अडकवून आम्ही दोघं त्याला लोंबकळलो. चाक करकरलं, फिरलं. भट्टीतून पाणी बाहेर सोडणाऱ्या पलीकडच्या नळीतून आधी वाफेचे फटकारे आले, मग कढत पाणी, मग कोमट.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. सांधे लखलखत होते.

"झक्कास हाय की. पाठवून देऊया," मालक म्हणाले.

या नळ्या कुणाच्या तरी इंजिनात बसणार होत्या. आणि पेस्ट पुरती वितळण्याआधीच भट्टी बंद पडली होती. मामा खाली बघत होते.

"साहेब, एक कापून बघूया," मी म्हणाले.

कापली. सांध्यात केसाएवढी पोकळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळा माल भंगारात गेला. मालक पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण व्हॉल्व्ह मात्र नवा आला.

भट्टी परत चालू करायच्या सकाळी मी बटणावर बोट ठेवलं, पण ते दाबवेना. मामा शेजारी येऊन उभे राहिले.

"मलाबी भ्या वाटतंय गं," ते म्हणाले.

मग मी बटण दाबलं.