गजूभाऊच्या वावरातला काळा झेंडा

मला वाटलं होतं, मी गावात जाईन, हवामानबदलाबद्दल बोलेन आणि गाव हळूहळू विचार करायला लागेल. प्रत्यक्षात काय झालं? मी गावात गेले, हवामानबदलाबद्दल बोलले आणि गावात एक लग्न जमलं.

हसू नका. आधी चहा संपवा, कारण पुढे घोट घशात अडकेल असं बरंच आहे.

मी मूळची बल्लारपूरची, पण शाळा-कॉलेज सगळं बंगळूरला, मावशीकडे. पर्यावरणशास्त्र शिकले आणि अंगात वारं शिरलं की आपल्या भागात परत जायचं आणि शिक्षक व्हायचं. मैत्रिणी परदेशात निघाल्या, मी चंद्रपूरला बी.एड.ला नाव घातलं. सरावपाठांसाठी एक गाव मिळालं, घरून स्कूटीने जाण्यासारखं. मुख्याध्यापक मडावी गुरुजी म्हणाले, "कोणता पाठ घेता मॅडम?" मी म्हणाले, "पृथ्वीचा इतिहास. जन्मापासून हवामानबदलापर्यंत." गुरुजी म्हणाले, "एका तासात?" तिथेच मी थांबायला हवं होतं.

पण माझ्याकडे कल्पना होती. पाठ वर्गात नाही, मैदानात घ्यायचा. एक पाऊल म्हणजे एक कोटी वर्षं. शाळेची पायरी म्हणजे आज. तिथून मागे मागे चालत जायचं आणि जे जे घडलं तिथे झेंडा रोवायचा. माणूस पायरीवरच संपला, चपला काढतात तिथे. डायनासोर हातपंपाजवळ आले. मुलं खूश, मी त्याहून खूश.

पंचाईत एकच झाली. शाळेचं अंगण लहान. कोळसा तयार व्हायच्या आधीच कुंपण आलं.

आता कोळशाशिवाय हवामानबदल शिकवणार कसा? जो बनायला कोट्यवधी वर्षं लागली तो आपण दोन-तीनशे वर्षांत जाळत सुटलो, हाच तर पाठाचा जीव. कुंपणापलीकडे गजूभाऊचं वावर होतं. सोयाबीन निघालेलं, रान मोकळं. आम्ही कुंपण ओलांडलं. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आत कोळशाचा काळा झेंडा रोवला आणि तिथून पुढे लाल झेंडे लावत थेट नाल्यापर्यंत गेलो. पृथ्वीचा जन्म नाल्यात झाला.

आता तुम्ही डोळ्यांसमोर आणा. वावरातून फक्कीची पांढरी सरळ रेघ. रेघेवर झेंडे. पाठाचं चित्रीकरण करायचं म्हणून तीन पायांच्या स्टँडवर माझा मोबाइल. आणि ऊन लागतं म्हणून डोक्यावर मी स्कूटीचं पिवळं हेल्मेट तसंच ठेवलेलं. चंद्रपूर जिल्ह्यात असं दृश्य दिसलं की लोकांच्या मनात काय येतं, हे बंगळूरच्या कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हतं.

धुऱ्यावरून एक म्हातारे काका चालले होते. थांबले. बराच वेळ पाहिलं.

"काय करून राह्यल्या जी मॅडम?"

"काका, हा काळा झेंडा म्हणजे कोळसा."

"इथी हाय का कोळसा?"

"आहे ना. या सगळ्या पट्ट्यात आहे."

"गजूच्या वावरात बी?"

"त्यांच्याही पायाखाली असणारच," मी म्हणाले. पहिल्याच दिवशी एक शेतकरी थांबून भूगर्भशास्त्र विचारतोय. काका गावाकडे वळले. त्यांच्या वयाच्या मानाने ते फार भरभर चालले होते, हे मला तेव्हाही जाणवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी माणसं उभी. "आमच्या वावरात बी एखादा लावा नं जी मॅडम."

मला वाटलं, हाच तो क्षण. मी मैत्रिणीला संदेश पाठवला, "लोकसहभाग बघायचा असेल तर इकडे ये." आणि मुलांना घेऊन निघाले. एकाच्या वावरात पहिला मासा दिला, एकाच्या वावरात पहिलं झाड. पण लोकांना ते पसंत पडेना. "मासा राहू द्या, आमाले काळाच द्या." कोळशाविषयी केवढी ही जिज्ञासा, असं म्हणून मी घरून काळ्या कापडाची जुनी ओढणी आणून फाडली.

आणि मग जेवणाचं बोलावणं आलं. गजूभाऊच्या आईचं, शेवंताबाईंचं. गजूभाऊ तिशी ओलांडलेला, शांत, अंगाने भक्कम, लग्न व्हायचं राहिलेला. घरात कोंबडीचा रस्सा रटरटत होता आणि ओसरीवर पाहुणे बसले होते. मोहर्लीकडचे. एका मुलीचे मामा, ज्यांचा शब्द त्या घरात शेवटचा असतो. मला त्यांच्या समोरच बसवलं.

"मॅडम, तुमी शिकलेल्या हात. खरं सांगा. गजूच्या वावरात कोळसा हाय का?"

आता सांगा, मी काय करावं? समोर नवा श्रोता. मी हात धुतले आणि सुरू झाले. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे दलदल होती, दाट झाडं होती, ती गाडली गेली, दबली, तापली. जगभरचे शास्त्रज्ञ त्या काळच्या महाखंडाला आपल्याच गोंडवनावरून नाव देतात. शेवंताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मामा पुढे सरकून ऐकत होते.

"मंग काढाले कधी येनार?"

"मामा, तो काढूच नये. जमिनीतच राहू द्यावा. माझं तर मत आहे की इथे कुणीही येऊ नये."

मामांनी हळूच शेजारच्याला कोपर मारलं. "सरकारी माणूस असंच बोलते. आतली गोष्ट सांगता येत नाई त्याइले."

मला वाटलं, ते माझ्या पोटतिडकीचं कौतुक करतायत. मी वाढलेला रस्सा दोनदा घेतला.

तीन-चार दिवसांनी शेवंताबाई शाळेत आल्या. माझ्या हातावर पेढा ठेवला. "गजूचं जमलं. रविवारी साक्षगंध. तुमच्या झेंड्यानं झालं, बाई."

"माझ्या झेंड्यानं?"

त्या नुसत्या हसल्या आणि गेल्या. मी पेढा खाल्ला आणि गुरुजींकडे गेले. गुरुजींनी खुर्ची पुढे केली. माणूस बसलेला बरा, अशी बातमी असली की ते खुर्ची पुढे करतात.

"मॅडम, जमीन खाणीत गेली का घरच्या एखाद्याले खाणीत नोकरी लागते, असं लोक धरून चालते. नोकरीवाल्याले पोरगी भेटते. वावरवाल्याले कोण देते? गजूले इतके दिवस नाईच म्हणत होते सारे."

"पण मी खाण कुठे म्हणाले?"

"झेंडा कोणं लावला?"

"तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"मले वाटलं, तुमाले माहीत हाय. तुमी तं साऱ्या गावात लावत फिरून राह्यल्या होत्या."

जी मुलगी खाणीत नोकरी लागणाऱ्या माणसाला हो म्हणून बसली होती, तिचा संसार एका सरावपाठावर उभा राहणार होता. रविवारचा साखरपुडा दोन दिवसांवर. खरं सांगावं तर गजूभाऊचं लग्न मोडतं, गप्प बसावं तर ती मुलगी फसते.

मी आधी गजूभाऊला गाठलं. तो वावरात हरभऱ्यासाठी जमीन तयार करत होता. काळ्या झेंड्याला वळसा घालून बरं का, जपून. मी एका दमात सगळं सांगितलं.

"मले माहीत होतं मॅडम," तो म्हणाला. "पयल्याच दिवशी. हातपंपाजवळच्या झेंड्यावर पोट्ट्यायनं डायनासोर काढला होता. सर्व्हेवाले डायनासोर नाई काढत."

"मग बोलला काऊन नाही?" घाबरल्यावर मीही 'का'वरून 'काऊन'वर आले होते.

त्याने ढेकूळ पायाने फोडलं. "बोलनारच होतो. मंग पोरगी पाह्यली मी."

मी तिथेच धुऱ्यावर बसले.

"पण तिले सांगाले पाहिजे," तोच म्हणाला. "मी गेलो का मामा दारातूनच वापस पाठवते. तुमी जा. तुमचं ऐकते ते."

गेले. रंजू, म्हणजे ती मुलगी, मोहर्लीला जंगल-सफारीची गाइड. दुपारची फेरी संपवून, अंगावर हिरवा शर्ट, केसांत धूळ, अशी अंगणात पाय धूत होती. मी म्हणाले, "खाण नाही येणार. नोकरी नाही लागणार. ते झेंडे माझ्या पाठाचे होते." आणि डोळे मिटून घेतले.

"पक्कं नाई येनार?"

"पक्कं."

"मंग बरं झालं नं जी." मी डोळे उघडले. ती पाय पुसत होती. "मामानं खाण म्हटलं तवाच जीवावर आलं होतं. रोज इथी हिरव्या जंगलात फिराचं आन् रातच्याले जाऊन धूळ खाची? पोरगा बरा वाटला म्हणून हो म्हटलं. मले नोकरी हाय. त्याले कायले पाहिजे?"

"गजूभाऊंनाही ठाऊक आहे, झेंडे खोटे आहेत ते."

"त्याले ठाऊक हाय?" ती ओठ दाबून म्हणाली, "तरीच. चहा पेताना सारा वेळ खाली पाहून राह्यला होता. मले वाटलं लाजते."

एवढ्यात मामा बाहेर आले. मी ठरवलं, आता कच खायची नाही. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि स्पष्ट सांगितलं की मी कुठल्याही खात्याची नाही, शिकाऊ शिक्षिका आहे, झेंडे मुलांना शिकवायला लावले होते, खाणीचा काहीही संबंध नाही.

मामा म्हणाले, "समजलं. वरून दबाव आला वाटते."

"दबाव नाही हो मामा. मी खरंच शिक्षिका आहे."

"शिकाऊ म्हणता नं? मंग शिकाऊले इतक्या दूर कोण पाठवते, एका लग्नासाठी? कायतरी मोठं असल्याबिगर?"

"मीच आले."

"बरं, बाकी सोडा. एकच सांगा. कोळसा हाय का नाई?"

आणि इथे, मित्रहो, माझी विज्ञाननिष्ठा आडवी आली. खोटं कसं बोलू? नकाशात पट्टा काळा दाखवलेला, पुस्तकात लिहिलेलं, मी स्वतः ओसरीवर बसून पटवलेलं.

"असणार," मी पुटपुटले.

"झालं तं मंग," मामा म्हणाले आणि आत जाऊन साक्षगंधाच्या आहेराचं बघायला लागले.

रंजू भिंतीला टेकून हसत होती. "मॅडम, तुमी चांगल्या हात. पन तुमी मदत नका करू."

परत येताना स्कूटीवर मी मोठमोठ्याने स्वतःशी भांडत होते. रस्त्यावरची माकडंसुद्धा बाजूला होत होती.

सकाळी आरशासमोर केस विंचरताना हात मध्येच थांबला. गजूभाऊच्या वावरात कोळसा आहे, हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. पट्ट्यात आहे, हे पुस्तकात होतं. झेंडा त्याच्या वावरात का गेला? शाळेचं अंगण अपुरं पडलं म्हणून. कुंपण चार पावलं पुढे असतं तर कोळसा शाळेच्या खिचडीच्या चुलीखाली निघाला असता. मी एक खडा उकरून पाहिलेला नाही, आणि गावभर, पाहुण्यांसकट, छातीठोक सांगत सुटले होते.

तिथल्या तिथे ठरवलं. रविवारी साक्षगंधाला जायचं, हेल्मेट घरी ठेवून. चार माणसं बसली की मामांनी विचारायच्या आत उभं राहायचं आणि सगळ्यांदेखत सांगायचं, "गजूभाऊच्या वावरात कोळसा आहे की नाही, मला माहीत नाही." खरं तेच आहे. आणि रंजू म्हणाली तसं, पोरगा बरा आहे, तेवढं मात्र मी पाहिलेलं आहे.

एवढं साधं वाक्य, पण जिभेवर बसेना. म्हणून आरशात बघून घोकायला लागले. "मला माहीत नाही. मला माहीत नाही."

बाबा दारात दाढी करत होते. त्यांनी वळून पाहिलं. "काय माहीत नाई?"

"कोळसा आहे की नाही ते."

"मंग बंगळूरले इतके वर्षं काय करून राह्यली होती?"

मी पुन्हा आरशाकडे वळले आणि तेच वाक्य म्हणाले. या वेळी अगदी सहज आलं.