विझलेल्या कंदिलाची तापलेली काच

या सदरात लोकं काय काय लिहितात ते मी वाचत असतो. वडाखालची पांढऱ्या साडीतली बाई, बंद खोलीत वाजणारे पैंजण... वाचतो आणि मासिक बाजूला टाकतो. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरशी वाजलं म्हणून सुटली. पण देव, भूत, करणी, नवस यातलं एकही मी मानलेलं नाही. आता वय झालं म्हणून मानायला लागलोय, असंही नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे म्हातारा शेवटी कुणाच्या तरी पाया पडेल अशी वाट बघत कुणी वाचू नये.

माझा धंदा विहिरींचा. फोडायच्या, बांधायच्या, गाळ काढायचा. जुन्नर-आंबेगावात मी उतरलो नाही अशा जुन्या विहिरी थोड्याच असतील.

खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठाल्या अँटेना उभ्या राहत होत्या, त्या दिवसांतली गोष्ट. लोणीच्या अलीकडं माळावर ख्रिस्ती मिशनचं मुलींचं होस्टेल होतं. बाजूला पत्र्याचं छोटं चर्च आणि मागं एक जुनी दगडी विहीर. कैक वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता. उन्हाळ्यात टँकर वेळेवर येईना, मुली हंडे घेऊन लांब जायच्या. म्हणून तिथल्या फादरनी गाळ काढायला मला बोलावलं.

फादर लोपीस मूळचे वसईकडचे. पूर्वी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "किसनराव, देवाचं नाव घेऊन सुरुवात करू या?"

"तुमी नाव घ्या. मी कंदील घेतो."

ते हसले. मी हसलो नाही.

कंदिलाचं सांगतो. जुन्या विहिरीत हवा मरते. वास येत नाही, रंग नाही, माणूस उतरला की चक्कर येऊन पडतो आणि संपतो. म्हणून आमच्यात आधी पेटता कंदील दोरानं तळापर्यंत सोडतात. जळत राहिला तर माणूस उतरणार. विझला तर लिंबाच्या डहाळ्या सोडून हवा घुसळायची, बादल्यांनी पाणी ओतायचं आणि परत कंदील सोडायचा. माझा नियम तर त्याहून कडक. कंदील माणसाच्या आधी उतरतो आणि शेवटच्या माणसाबरोबरच वर येतो. मधे कुणी हलवायचा नाही.

फादरनी ते सगळं नीट बघितलं. ज्योत का विझते ते मला मातीत रेघोट्या ओढून सांगितलं. मला पटलं. पण मग मला राहवेना. म्हणालो, "एवढं शिकलाय, तर मंग त्या पत्र्याखाली गुडघं कशाला टेकता? एक तर तुमची केमिस्ट्री खरी, न्हाई तर तुमचं देऊळ."

"दोन डोळे असताना एक झाकून का बघू?" ते म्हणाले. "ज्यानं डोकं दिलं, त्याला ते वापरलेलं आवडणार नाही, असं कसं होईल? विहिरीत हवा कशी आहे ते बायबलात नाही लिहिलेलं. ते कंदिलालाच विचारायचं. पण दुसऱ्याला तहान लागलीय म्हणून आपण तिथं का उतरावं, ते कंदील नाही सांगत."

"मी मजुरीसाठी उतरतो," मी म्हणालो. विषय संपवला.

माझ्याबरोबर माझा मेव्हणा दामू कामाला होता. माझी धाकटी बहीण शेवंता, तिचा नवरा. मी त्याला दाजी म्हणायचो. वर यारीवर, म्हणजे ओढायच्या क्रेनवर, दोन गडी. त्या दिवशी सकाळी कंदील सोडला, तो छान जळत होता. दाजी उतरला. दोन-चार घमेली गाळ वर आला. मग त्यानं तळाच्या घट्ट थरात टिकाव घातला, आणि आतला सडका गाळ फुटला असावा.

मी काठावर होतो. खाली कंदिलाचा पिवळा ठिपका दिसायचा, तो गेला. अंधार.

"दाजी, दोर धर," मी ओरडलो. उत्तर नाही.

गडी मागं सरले. फादर धावत आले, वाकून बघितलं, आणि माझा दंड धरला. "थांबा. कंदील विझलाय. डहाळ्या सोडू आधी."

"तवर दाजी मरंल. शेवंता माझी एकुलती बहीण हाय."

ओलं फडकं तोंडाला बांधलं. त्याचा काही उपयोग नाही हे मला चांगलं माहीत होतं. दोर काखेत घेतला आणि सोडा म्हणालो.

आता इथून पुढचं जसं झालं तसं सांगतो. पटवून घ्यायचं का नाही ते तुमचं तुम्ही बघा.

उतरताना मी छातीत कळ यायची वाट बघत होतो. कानात शिट्टी वाजते, पाय जड होतात, मला ठाऊक आहे, पूर्वी एकदा मरता मरता वाचलोय. तसलं काहीच झालं नाही. आणि खाली उजेड होता. कंदील जळत होता. ज्योत सरळ, काजळी नाही, काच स्वच्छ. त्या उजेडात मला दाजीचं तोंड दिसलं, मिशीला लागलेला गाळ दिसला, दगडातून झिरपणारं पाणी चमकताना दिसलं. मी माझा दोर सोडून त्याच्या काखेत आवळला, गाठ दोनदा बघितली आणि ओढा म्हणून ओरडलो. तो वर गेला. दोर परत येईपर्यंत मी एकटा खाली, चिखलात उभा. श्वास घेत होतो, नेहमीसारखा. कंदील जळतच होता. दोर आल्यावर मी कंदील सोडवून हातात घेतला, कारण माझा नियम. वर येताना मधे कुठं तरी तो विझला. कुठं, ते कळलं नाही.

वर आलो तर फादरनी माझ्या हातातून कंदील घेतला, काचेला धरून. आणि "आई गं" करून टाकून दिला. चिखलाच्या ढिगात पडला म्हणून फुटला नाही. त्यांच्या बोटांना टरारून फोड आले.

दाजी श्वास घेत होता. मंचरला दवाखान्यात नेला, तिसऱ्या दिवशी उठून चहा प्यायला. त्याला काही आठवत नव्हतं.

इथवर ठीक. खरी भानगड पुढं झाली... कारण वरचे सगळे सांगत होते की कंदील एकदा विझला तो विझलाच होता. "खाली काळंकुट्ट व्हतं, आण्णा. तुमी निस्ते आवाजानं कळत व्हता," यारीवरचा एक गडी म्हणाला. फादरही तेच म्हणाले. ते काठावर पालथे पडून बघत होते.

मग प्रत्येकानं आपापला देव विहिरीत सोडला. चर्चची माणसं म्हणाली मरियामाता होती, तिथं मूर्ती बसवू. गावातले म्हणाले साती आसरा, पाण्यातल्या देवी. शेवंता तर हात धरून बसली. "दादा, आसरांनी ह्यांना सोडलंय. त्यांचा मान दे. खण-नारळ घे, बोकड कबूल कर. तू तिथं उतरलेला, तूच द्यायचा."

"कुणाला मान देऊ? मला तिथं कोन बी दिसलं न्हाई."

"मग उजेड कुणी धरला व्हता?"

"ते मला म्हाईत न्हाई."

"नको देऊस मग मान. उद्या त्यांनी परत ह्यांना बोलावलं तर ते तुझ्या माथी, दादा." आणि ती उठून गेली. ही माझी बहीण, जिला मी कडेवर घेऊन जत्रेला नेलेलं. तिच्या नवऱ्याचा जीव माझ्या एका नारळावर टांगून ती गेली. पण जे मला माहीत नाही ते माहीत आहे असं मी कसं वागू? जमलं नाही.

मला वाटलं, फादर तरी खूष असतील, त्यांना आयता चमत्कार मिळाला. भांडायच्या तयारीनंच गेलो. तर ते बोटांना पट्टी बांधून विहिरीवरच बसलेले. तोच कंदील पेटवून सोडत होते. अर्ध्यात जाऊन विझायचा. तसाच खाली ठेवायचे, बराच वेळ. वर काढला की काच गार. परत पेटवायचे, परत सोडायचे, परत गार.

"काय चाललंय?"

"सोपं कारण शोधतोय. सडक्या गाळातला गॅस कधी कधी जळतो, उजेड पडतो. पण जिथं कंदील विझतो तिथं तोही जळणार नाही. हवा कमी पडली की डोक्याला भास होतात, तुम्हाला तसं झालं असेल..."

"म्हंजे मी खोटं बोलतोय?"

"तसं नाही म्हणालो. गाठ तुम्ही अंधारातही मारू शकता, हातांना सवय आहे. तुम्ही उतरताना हवा थोडी ढवळली गेली असेल. पण ही काच..." त्यांनी पट्टीकडं बघितलं. "ही जुळत नाही."

आणि गंमत बघा राव. मी, काहीही न मानणारा, ओरडून सांगतोय की उजेड होता. आणि झगा घातलेला माणूस म्हणतोय, थांबा, आधी तपासू.

मी म्हणालो, "तुमची मान्सं मूर्ती बसवाय निघालीत. बसवा की. तुमचाच फायदा."

"आमच्यात असं होत नाही, किसनराव. कुणी चमत्कार म्हटला की आधी डॉक्टर, जाणकार यांना विचारतात. ते हरले तरी घाई करत नाहीत. बुद्धीला फसवून आलेली श्रद्धा कुजते, त्या गाळासारखी."

रविवारी मी चर्चला गेलो. मागं, दाराशी, टोपी न काढता उभा राहिलो. मूर्तीची घोषणा झाली असती तर तिथंच बोलणार होतो. माणसं मेणबत्त्या घेऊन आलेली. फादर पुढं उभे राहिले आणि म्हणाले, "विहिरीवर काहीही बसणार नाही. काय झालं ते मला माहीत नाही."

एक म्हातारी बाई उठली. "मंग तो मागं हुबा हाय त्यो खोटारडा का, फादर? त्यो तर सांगत सुटलाय का उजेड व्हता."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. 

फादर म्हणाले, "मी स्वतः वरून बघितलं. मला अंधारच दिसला. हे माझं ज्ञान. पण हा माणूस जे सांगतो ते खरं सांगतो. हे मी तपासू शकत नाही. हा माझा विश्वास, आणि तो मी डोळे उघडे ठेवून ठेवतोय. बहुतेक सगळा विश्वास असाच असतो, पाहिलेल्याच्या शब्दावर. दोन्ही मी जवळ ठेवणार. एकासाठी दुसरं फेकणार नाही."

मी बाहेर निघून आलो. कुणाचे आभार मानायची सवय नाही मला. दुसऱ्या दिवसापासून डहाळ्या टाकून, पाणी ओतून विहीर पुरी साफ केली. हवा ताजी झाली, गोड पाणी लागलं, मुलींचं लांबचं जाणं थांबलं. नारळ फोडला नाही, मेणबत्ती लावली नाही.

शेवंता बोलत नव्हती. दिवाळी आली. भाऊबीजेला ती येणार नाही असं धरूनच मी बसलो होतो. दुपारी दारात आली, दाजी मागं, धडधाकट. ताट ठेवलं, पण ओवाळेना.

"दादा, शेवटचं इचारते. आईची आण घालत न्हाई, तू मानत न्हाईस. खाली उजेड व्हता?"

"व्हता."

"कुणाचा?"

"म्हाईत न्हाई, शेवंते. ज्याचा असंल त्याचा. मला दाजीचं तोंड दिसलं, येवढंच खरं."

तिनं ताट जवळ ओढलं. मग निरांजन उचललं. "बरं," म्हणाली. "तू म्हणतोस म्हणून."

फादर पुढं बदलून गेले. दाजी अजून आहे, माझ्याहून टणक. शिकलेली लोकं मला अजून सांगतात, आण्णा तो भास. देवभोळी सांगतात, आण्णा आता तरी हात जोडा. दोघांनाही मी एकच सांगतो. उजेड मी बघितला. त्याचं कारण मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे असं वाटतं, त्यांच्यातलं त्या दिवशी त्या दोरावर कुणी नव्हतं.