लेह ते चंडीगड, एक तास

लेह ते चंडीगड विमानाने एक तास लागतो. हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद, त्यामुळे घरी जायचं तर हवाई दलाचं विमान हीच एक वाट. आमच्या पोस्टवरून एका वेळी एकालाच रजा. पहिला परतला की दुसऱ्याने निघायचं.

नाईक दत्ताराम गावडे डोंबिवलीचा, मी कळव्याचा. दोघांचेही अर्ज एकाच दिवशी गेलेले. त्याला मुलगी झालेली, महिन्याची. इकडे माझ्या बहिणीचं लग्न, वडील नाहीत, सगळं मलाच बघायचं. साहेब म्हणाले, "गावडे फर्स्ट. दहा दिवस. शिर्के, तो आला की तू."

माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू? मुलगी काय दोन आठवड्यांत पळून जाणार होती?

निघताना दत्ताने विचारलं, "कळव्याला काही द्यायचंय का रे?"

"काही नको."

ते दहा दिवस मी नुसता जळत होतो. पोस्टवर लख्ख ऊन. सकाळी सहाला चहासाठी बर्फ वितळवत बसायचो आणि डोक्यात एकच. आता हा ताजे बोंबील आणत असेल, आता पोरीला मांडीवर घेऊन बसला असेल. आणि मी इथे टिनमधली भाजी चिवडत बसायचो.

अकराव्या दिवशी दुपारी दोनला तो हजर झाला. डोळे तारवटलेले.

"काय, मजा केलीस?"

"जाम. तू पळ आता. परवाची सीट आहे तुझी."

मी हातसुद्धा मिळवला नाही.

लग्नाला वेळेत पोचलो. घोडबंदर रोडच्या हॉलमध्ये जेवणं चालू असताना सुभेदारसाहेबांचा फोन आला. "शिर्के, गावडे गेला. पेट्रोलवर, गस्तीवर होता. सकाळी सात चाळीसला ॲव्हलांच आला, बर्फाखाली गाडला गेला." मी हातातलं वाढायचं भांडं खाली ठेवलं.

माझी रजा वाढवून मिळाली. तेराव्याला डोंबिवलीला गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून वहिनींना म्हटलं, "दहा दिवस तरी घरी राहून गेला."

"कुठले दहा, भाऊजी? चंडीगडला धुकं, म्हणून लेहहून पाच दिवस विमानच उडालं नाही. मग ट्रेन. घरी दोनच दिवस होते."

हवामानामुळे वाया गेलेले दिवस रजेत वाढवून मिळतात. साहेबांना एक फोन केला असता तर काम झालं असतं.

"मी म्हटलं, रजा वाढवून घ्या," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणाले, मग शिर्के लग्नाला पोचायचा नाही. त्यातही अर्धा दिवस कळव्याला गेले. तुमच्या हॉलवाल्याने तारखेचा घोळ घातलेला ना? तो निस्तरून आले."

घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "अरे, आलेला की. तूच पाठवलंस म्हणाला."

नाईक दत्ताराम गावडे. त्याच्या मुलीच्या वाट्याला बाप दीड दिवस आला.