हळदीच्या रंगाचा हौश्या

दोन बैलगाड्या. हळद पॉलिश करायचे ड्रम. गावातल्या निम्म्या घरांची गेटं. स्वतःच्या घराचा जिना, रेलिंगसकट.

आणि एक बैल.

हे सगळं मी या हातांनी बनवलं. वेल्डिंग मला कुणी शिकवलं नाही. बैल मात्र नंदानं शिकवला.

नंदा माझी धाकटी बहीण. आज तिला जाऊन वर्ष झालं.

डोंगरकड्याला ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवायची. तुमच्यातले बरेच जण तिला मॅडम म्हणून ओळखतात. मला आठवते ती बी.एस्सी.ची पोरगी. कुरुंद्याहून एसटीनं वसमतला जायची आणि अॅप्रनला फॉर्मॅलिनचा वास घेऊन परत यायची. आई तो अॅप्रन घरात घेऊ द्यायची नाही. गोठ्यातल्या खुंटीला टांगायला लावायची.

मी दहावीनंतर शाळा सोडलेली. ती मोठ्यानं वाचायची, मी ग्राइंडर पुसत ऐकायचो. झुरळाच्या हृदयाला तेरा कप्पे असतात, हे मला अजून पाठ आहे.

थर्ड इयरला प्रोजेक्ट आला. बाकीच्यांनी फुलपाखरं घेतली, माशांचे खवले घेतले.

नंदा घरी येऊन म्हणाली, "बाबा, मला हौश्या पाहिजे."

हौश्या आमचा लाल कंधारी बैल. म्हातारा झाला तेव्हा व्यापारी दारात आला होता. बाबांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. मेला तेव्हा अंगावर झूल घालून बांधावर पुरला. त्याला दोन वर्षं होऊन गेलेली.

आणि आता पोरगी म्हणत होती, उकरून काढू. सांगाडा जोडू.

बाबांचा घास हातातच राहिला.

"काहून? मेल्यावरबी त्याला जुंपून राहिली व्हय तू?"

"जुंपत न्हाई बाबा. उभा करते. हितं बांधावर तो आपल्यालाच माहीत हाय. तिथं दरसाल नवी पोरं त्याला पाहतील."

बाबा ताट सरकवून उठले. मग बोलणंच बंद. इकडं विषय द्यायची मुदत संपत आलेली. नंदा माझ्याकडं बघायची, मी बाबांकडं.

एका सकाळी बाबांनीच फावडं काढलं.

"शब्द दे आधी. जिता असताना इकला न्हाई. पुढंबी कुनी इकायचा न्हाई."

"दिला, बाबा."

"आन तू रे?"

मीपण दिला.

हाडं निघाली. उकळून साफ करायची होती. एवढं मोठं भांडं आमच्याकडं एकच, हळद शिजवायची कढई. आईनं राखेनं घासून घासून दिली.

हाडं बाहेर काढली तर बैल पिवळाधमक!

नंदा डोक्याला हात लावून खाली बसली. आई म्हणाली, "रडतीस काहून? हळद लागली म्हन. नवरदेव झाला आपला हौश्या."

सोडा लावून पाहिला. रंग हटला नाही. हळद उन्हानं उडते, पण तेवढं ऊन द्यायला वेळ कुणाकडं होता? परीक्षा तोंडावर.

मग जोडणी. मणक्यांच्या पोकळीतून सळई ओवली. बरगड्या ड्रिलनं भोकं पाडून तारेत बांधल्या, तेराच्या तेरा जोड्या. पण पुढचे पाय धडाला जोडणारं हाड सापडेना. माणसाला कॉलरबोन असतं, मग बैलाचं गेलं कुठं? खड्ड्यातली सगळी माती मी वाळूच्या चाळणीतून चाळली. परत चाळली.

नंदा सरांना विचारून आली ती हसतच. "दादा, बास कर. बैलाला कॉलरबोन नसतंच!"

"मग पुढचा पाय अडकतो कशात?"

"हाडात न्हाईच. नुसत्या मांसानं धरलेला असतो."

बाबा शेजारी सुतळी वळत बसलेले. त्यांचा हात थांबला.

"म्हंजी एवढी वर्षं, एवढ्या गाड्या... नुसत्या मांसावर वढल्या त्यानं?"

बाबा उठले. खांद्याचं ते पिवळं हाड उचललं आणि जिथं बसतं तिथं बराबर धरलं.

"बांध तार," म्हणाले.

शेवटपर्यंत मग धरायला बाबाच.

बाहेरून आलेले परीक्षक सांगाड्याभोवती फिरले. "रंग कशाला दिला?"

"दिला न्हाई सर, लागला. आमी हळदवाले."

ते हसले. मग एकेका हाडावर बोट ठेवून नाव विचारत गेले. नंदा एकदाही अडखळली नाही. मी खिडकीबाहेरून तिच्यासोबत पुटपुटत होतो. मीपण नाही अडखळलो.

फर्स्ट क्लास.

हौश्या लॅबमध्येच राहिला. पोरांनी त्याचं नाव हळद्या ठेवलं. बाबा होते तोवर पोळ्याला कॉलेजात जाऊन त्याच्या शिंगांना गोंडे बांधायचे. शिपाई हात जोडायचा, "काका, कुंकू जरा कमी लावा. सर मला वरडतात."

पुढं नव्या इमारतीत त्याला जागा उरली नाही. नंदाचाच फोन आला, "दादा, टेम्पो घेऊन ये. हौश्याला घरी न्यायचंय."

तेव्हापासून माझ्या वर्कशॉपमध्ये आहे. नंदा दरवर्षी तिच्या वर्गातली पोरं घेऊन यायची. शेवटची आली तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं. खुर्चीत बसूनच म्हणाली, "दादा, डावीकडची शेवटची बरगडी ढिली झालीय."

झाली होती. माझ्या नजरेतून सुटलेली.

नंदे, बरगडी पक्की केलीय. पोरं अजून येतात. आता मीच सांगतो, तुझ्यासारखं जमत नाही. खांद्यापाशी आलो की थोडा थांबतो.

जा बाई, निवांत.

मागच्या आठवड्यात पुण्याचा एक रिसॉर्टवाला येऊन गेला. असा पिवळा बैल त्याला रिसेप्शनला पाहिजे होता.

मी नाही म्हणालो.

दीड लाख देत होता.