जांभळ्या दगडाची खालची बाजू

निशाचं भूगर्भशास्त्र कॉलेजात नव्हे, अजिंठ्याजवळच्या एका विहिरीत सुरू झालं. तिचे वडील नानासाहेब मळ्यात विहीर खणत होते. काळ्या कातळात सुरुंग लागला आणि फुटलेल्या पोकळीतून डाळिंब फोडावं तसा एक दगड निघाला. आत सगळी जांभळी टोकं, एकमेकांना चिकटून बसलेली. पहार लागून त्याचा एका कडेचा टवका उडाला होता, तेवढाच. कुणाची नजर नको म्हणून नानांनी तो ज्वारीच्या कणगीत खोल पुरून ठेवला. ज्वारी काढताना हाताला लागला की पोर विचारायची, "नाना, ह्याला रंग कुणी दिला?"

"मला काय ठावं? तू शीक अन् मलाच सांग."

ती शिकली. शहरात आली, कॉलेजात शिकवायला लागली. सिडकोत तिसऱ्या मजल्यावर स्वतःचं घर झालं तेव्हा नानांनी तोच दगड पिशवीत घालून एसटीनं आणून दिला. निशानं तो गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. दुपारचं ऊन त्यात उतरलं की असा काही पेटायचा, की पाहुणे चहा हातात घेऊन तिथंच उभे राहायचे. घरकामाला येणाऱ्या वच्छलाबाईंना तिनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, "मावशी, ह्याला उचलायचं नाही हं. वरूनच फडकं फिरवा."

"नाय उचलत, ताई. देवावाणी पुसते."

अशी बरीच वर्षं गेली.

यंदा मेमध्ये निशा महिनाभर नानांकडे जाऊन राहिली. कुंड्यांना पाणी घालायला घराची किल्ली वच्छलाबाईंकडे. परत आल्यावर तिनं गॅलरीचं दार उघडलं. कठड्यावर तांदूळ धुतलेल्या पाण्याच्या रंगाचा एक दगड बसला होता. आकार तोच, पण जांभळेपण कुठं गेलं?

वच्छलाबाईंचा जावई कचरू अजिंठ्याच्या लेण्यांखाली पर्यटकांना दगडच विकतो. निशाच्या मनात ते आलं आणि मनात राहिलं नाही. वच्छलाबाई जिन्याच्या वर पोचतात न पोचतात तोच तिनं दारातच विचारलं, "मावशी, माझा दगड कुठं आहे?"

"तिथंच हाय की."

"तो माझा नाही. तसाच दिसणारा फिका ठेवलाय कुणीतरी. कचरूकडे असले ढिगानं असतील ना?"

समोरच्या दारात लक्ष्मीबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. वच्छलाबाई त्यांच्याकडंही काम करायच्या. त्यांचा हात थांबला. "काय बाई, आता दगडालाही पाय फुटायला लागले!"

वच्छलाबाईंचा चेहरा एवढासा झाला. "ताई, माझी लेक दिलीय त्या घरात. असं बोलू नगा."

"मग दगड आणून द्या. आणि किल्ली इकडे द्या."

त्यांनी कमरेची किल्ली काढून पायपुसण्यावर ठेवली, निशाच्या हातात दिली नाही. त्या आठवड्यात लक्ष्मीबाईंनी दुसरी बाई पाहिली. खालच्या मजल्यावरूनही निरोप गेला, सध्या येऊ नका.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. रत्नांच्या रंगाचा धडा निशाच्या फार आवडीचा. माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा, दोन्हीमागे क्रोमियमच कसं असतं, हे ती रंगून सांगायची. मग ॲमेथिस्टवर, तिच्या दगडाच्याच जातीवर, आली. "गारगोटीच ही, मुळात पाण्यासारखी. आत लोहाचा नुसता अंश असतो. आजूबाजूच्या खडकातला किरणोत्सर्ग लाखो वर्षं त्याच्यावर काम करतो, तेव्हा कुठं जांभळा उमटतो. पण काही दगडांत हा रंग कच्चा असतो. वर्षानुवर्षं ऊन लागलं की…"

हे वाक्य ती दरवर्षी म्हणत आली होती. आज ते तिच्या तोंडातच राहिलं.

"मॅडम, मग असला दगड ठेवायचा कुठं?" पुढच्या बाकावरच्या धम्मपालनं विचारलं.

"अंधारात," ती म्हणाली. "ज्वारीत."

वर्ग हसला. तिला कानशिलापर्यंत गरम वाटलं. उरलेला तास तिनं फळ्याकडे तोंड करून काढला.

घरी आल्यावर चप्पलही न काढता ती गॅलरीत गेली आणि दगड उचलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खालच्या अंगाला, जिथं टोकं कठड्याला टेकलेली, तो जसाच्या तसा जांभळा होता, आणि कडेला पहारीनं टवका उडाल्याची खूण. उलटून बघायला असा किती वेळ लागला असता? तिनं आधी कचरूचं नाव घेतलं होतं.

लाज एवढी होती की तिनं सोपी वाट धरून पाहिली. फोन लावला. "मावशी, झालं गेलं सोडून द्या. उद्यापासून या कामाला."

"म्हंजी दगड घावला?"

"हो."

"कुठं व्हता?"

"जागेवरच होता."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"मंग मला फोनवर कशाला सांगताय? जिथं बोललात तिथं बोला की."

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई आल्या, पण वर चढल्या नाहीत. दोन पायऱ्या खालीच उभ्या राहिल्या. निशानं दगड हातात घेऊन स्वतः लक्ष्मीबाईंचं दार वाजवलं. खालच्या मजल्यावरच्यांनाही हाक मारली.

"दगड कुणी बदलला नव्हता. मीच तो उन्हात ठेवला, वर्षानुवर्षांच्या उन्हानं रंग हळूहळू गेला, रोज बघून मला कळलं नाही. मावशींवर मी खोटा आळ घेतला. कचरूवरही."

लक्ष्मीबाईंनी चष्मा वर केला. "पण निशा, तू पोरांना हेच शिकवतेस ना गं?"

"हो. हेच शिकवते."

वच्छलाबाई दोन पायऱ्या चढून आल्या. "बघू." त्यांनी दगड उलटा धरून खालच्या जांभळ्यावरून अंगठा फिरवला. "लई सुंदर हाय हो. मी ही बाजू कधी बघितलीच नाय. तुमीच म्हणला व्हता, उचलू नगा."

निशानं मान खाली घातली आणि किल्ली पुढं केली.

"किल्ली नगं, मॅडम," वच्छलाबाई म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्या तिला ताईच म्हणत आल्या होत्या. "तुमी घरात असलात की येत जाईन."

आणि त्या वळून लक्ष्मीबाईंना म्हणाल्या, "बोला, तुमच्याकडं कवा येऊ?"